क्यूआर, स्पीकर आणि सुट्टे पैसे: तुमचे अनुभव सांगा

लक्ष्मीपुरीकर
काल कपिलतीर्थ मार्केटात भाजीवाल्या मावशींनी क्यूआरचा पुठ्ठा पालथा घातलेला. "रोख दे बाळा, त्यातलं पोराच्या खात्यावर जातंय, माझ्या हाताला काय लागत न्हाई." २०१६ ची नोटाबंदी आठवली. एका वॉलेटातले पैसे दुसऱ्यात जायचे नाहीत, म्हणून आमच्या काउंटरवर तीन कंपन्यांचे स्टिकर. बाबा चष्मा लावून एकेक मेसेज वाचायचे. आता एकाच क्यूआरवर सगळी अ‍ॅप चालतात. दुकानदार, गिऱ्हाईक, दोघांनीही लिहा.

शाहूपुरी_किराणा
गिऱ्हाइकाला फुकट, मान्य. जानेवारी २०२० पासून खात्यातून येणाऱ्या यूपीआयवर आम्हालाही कट (बँकेचं कमिशन) नाही. पण पैसे आले की बोलून सांगणाऱ्या स्पीकरचं भाडं दर महिन्याला जातंय. आणि तो लागतोच! एकजण जुना स्क्रीनशॉट दाखवून तेलाचा डबा घेऊन गेला. आता आवाज आल्याशिवाय पिशवी सोडत नाही. यूपीआयला रुपे क्रेडिट कार्ड जोडून २००० च्या वरचं बिल दिलं की कट आमच्या खिशातून. गिऱ्हाइकाला पत्ताच नसतो.

रंकाळ्याची_पोर
अरेरे, तेलाचा डबा 😟 पकडला का त्याला?

शाहूपुरी_किराणा
कुठलं काय ताई.

माहेर_निपाणी
जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयची उलाढाल बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. भावाची बेकरी आहे. त्याला आली नाही, तरी घाबरून क्यूआर काढून ठेवला. गिऱ्हाईक परत जायला लागल्यावर पुन्हा लावला.

हिशेबनीस
नुसता भाजीपाला, सुटं दूध विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागत नाही. बेकरीला वर्षाची विक्री ४० लाखांच्या वर गेली की लागते, आणि त्यात रोखीची विक्रीपण धरतात. क्यूआर काढून काही होत नाही, भावाला वही नीट ठेवायला सांगा.

रंकाळ्याची_पोर
निपाणीत कुठं आहे बेकरी? खारी मिळते काय?

माहेर_निपाणी
मिळते की! या एकदा.

पेठेतला_भावा
मला तर यूपीआय लै भारी वाटतंय. सुट्ट्याच्या नावाखाली चॉकलेट गळ्यात मारायचे ते बंद झालं. गंगावेशीत दूध प्यायला गेलो की यूपीआय लाइटवरून देतो (अ‍ॅपमध्ये आधीच थोडे पैसे भरून ठेवायचे), पिन नको आणि पासबुकात दहा-वीसच्या ओळी नकोत.

लक्ष्मीपुरीकर
लाइटमधले उरलेले परत खात्यात घेता येतात काय रे?

पेठेतला_भावा
येतात की. अ‍ॅपमध्ये लाइट बंद कर, शिल्लक खात्यात जाते.