एकच माणूस वकील, पुढारी, शिक्षणवाला आणि बँकर? अमेरिकेतल्या छोट्या गावांचं हे काय प्रकरण आहे

नॉर्मलकर:
मंडळी, मी इलिनॉयमधल्या नॉर्मल गावात राहतो (हो, गावाचं नावच नॉर्मल, आईला पहिल्यांदा सांगितलं तर म्हणाली, मग आधी कुठे होतास). इथे जिकडे बघावं तिकडे जेसी फेल (एकोणिसाव्या शतकातला इथला वकील). युनिव्हर्सिटीच्या गेटला फेल, झाडांना फेल, रस्त्याला फेल. लायब्ररीत काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखं) जुना इतिहास चाळला तर दर दोन पानांआड असाच कोणीतरी, वकील पण, निवडणुकीत पण, कॉलेजच्या बोर्डावर पण आणि वर बँकेचा प्रेसिडेंट. एवढं सगळं एकाला जमायचं कसं? की नुसत्या थापा?

पारिजात:
थापा नाहीत रे. तेव्हा वकील व्हायला लॉ कॉलेज लागायचंच असं नाही, एखाद्या वकिलाच्या ऑफिसात बसून पुस्तकं वाचायची की झालं. फेल ओहायोत तसाच शिकला आणि तुझ्या शेजारच्या ब्लूमिंग्टनला येऊन तिथला पहिला वकील झाला. पण जीव सगळा जमिनीत. १८३६ ला चालती वकिली डेव्हिड डेव्हिसच्या हवाली केली (पुढे लिंकनने सुप्रीम कोर्टावर नेमला तोच) आणि प्लॉटच्या मागे लागला, तेवढ्यात १८३७ ची मंदी आली, पार धुपला, झक मारत परत वकिली.
कॉलेजचा किस्सा तर भारी आहे. १८५७ ला राज्याला शिक्षक तयार करायचं कॉलेज काढायचं होतं, जे गाव जास्त देईल त्याला. इलिनॉयमधल्याच पिओरिया गावाने ८० हजार डॉलर लावले, फेलने दारोदार फिरून आकडा १ लाख ४१ हजारांवर नेला आणि त्या वर्गणीच्या हमीचा कागद लिहून दिला खुद्द लिंकनने. असल्या कॉलेजला नॉर्मल म्हणायचे, आपल्याकडेही पूर्वी नॉर्मल स्कूल होत्याच की, त्यावरून तुझ्या गावाचं नाव.

खातेवही:
बँकेचं मी सांगतो. इलिनॉयमध्ये कित्येक वर्षं बँकेला शाखा काढायला बंदी होती, म्हणजे प्रत्येक गावाची आपली वेगळी बँक. १८६४ च्या कायद्याने छोट्या गावात नॅशनल बँक (म्हणजे केंद्र सरकारच्या परवान्याची बँक) काढायलाही ५० हजार डॉलर भांडवल लागायचं, १९०० मध्ये अगदी लहान गावांसाठी ते २५ हजारांवर आणलं. आणि बँक बुडाली तर शेअरवाल्याचा शेअर तर जायचाच, वर तेवढीच रक्कम खिशातून भरायला लागू शकायची. मग प्रेसिडेंट कोण करणार? ज्याने गावातल्या सगळ्या शेतांचे कागद वाचलेत आणि कोण किती कर्जात आहे ते ज्याला तोंडपाठ आहे, तो वकीलच ना.

तिरकस_काका:
अरे हे चार धंदे नाहीतच, धंदा एकच, जमीन. वकील तिचे कागद बघतो, बँकर तीच गहाण ठेवून घेतो, पुढारी रेल्वे आपल्या गावावरून नेतो आणि कॉलेज आलं की प्लॉटचा भाव वाढतो. फेलने घरं उभी राहायच्या आधी हजारो झाडं लावली, ती काय फक्त पक्ष्यांसाठी?

नॉर्मलकर:
काका, एवढंही नको हो. त्याच माणसाने लिंकनच्या मागे लागून १८५९ ला त्याच्याकडून त्याचं छोटंसं आत्मचरित्र लिहून घेतलं आणि पेन्सिल्व्हेनियाच्या पेपरात त्यावरून लेख छापून आणवला, त्यात कुठला प्लॉट? बाकी गावात दारू विकायला बंदी, ती पण याचीच कृपा, शंभरेक वर्षं टिकली. पारिजात, त्या हमीच्या कागदाची नक्कल कुठे बघायला मिळते का?