कमी पैशांत जुनी स्पोर्ट्स बाइक: काय पाहून घेतलीत, काय पाहून सोडलीत?

मंडळी, ठरलेल्या रकमेत जुनी स्पोर्ट्स बाइक घ्यायची म्हटलं की 'अमुक मॉडेल घे' असे सल्ले भरपूर मिळतात. पण मॉडेल ठरलं तरी समोर उभी असलेली नेमकी ती गाडी घ्यावी की नाही, हा प्रश्न उरतोच. ज्यांनी अशी गाडी घेतली, दुरुस्त केली किंवा पाहून परत फिरले, त्यांनी कशावरून ठरवलं ते सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. 'मी येईपर्यंत गाडी चालू करू नका,' असं मी फोनवरच सांगून ठेवते आणि गेल्या गेल्या इंजिनला हात लावते. थंड इंजिन चालू करताना लागणारा वेळ, टायमिंग चेनची (इंजिनच्या आत व्हॉल्व्ह चालवणाऱ्या साखळीची) खडखड, पहिल्या काही क्षणांतला निळा धूर, यातलं बरंचसं इंजिन तापलं की कळेनासं होतं. एकदा इंजिन चांगलंच गरम लागलं. मालकाकडे कारण विचारलं, तर उत्तर दोनदा बदललं. ती गाडी मी सोडली.

पानापकड
मी गाड्या दुरुस्त करतो, म्हणून जरा लांबण लावतो. स्पोर्ट्स बाइक पडलेली आहे का, हे सगळ्यांत आधी पाहा. चकचकीत फेअरिंगवरून (बाहेरच्या प्लास्टिकच्या आवरणावरून) काही कळत नाही, ते बदलता येतं. हँडलची टोकं, क्लच-ब्रेकच्या लिव्हरची टोकं, फूटरेस्टच्या कडा आणि इंजिनची बाजूची झाकणं पाहा. एकाच बाजूला या सगळ्यांवर ओरखडे असतील तर गाडी त्या बाजूला घसरलेली आहे. उभ्या उभ्या कलंडलेली गाडी मला चालते. मग हँडल पूर्ण वळवून चेसिसवर ते जिथे अडतं तो स्टॉपर पाहा. तो दबलेला किंवा तुटलेला असेल तर धडक जोराची होती. अशी गाडी मी गिऱ्हाइकाला घेऊ देत नाही, किंमत कितीही उतरवली तरी.

पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला. हा खर्च फार नाही, पण भाव करताना धरा. फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) नळ्यांवर तेलाचं कडं दिसलं तर आतलं तेल अडवणारे सील गेलेत. नळीवर गंजाचे खड्डे असतील तर नवे सीलही टिकत नाहीत. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या (दातेरी चक्राच्या) पार मागच्या बाजूला धरून ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन लवकर झिजते.

वळणवेडी
माझ्या मनात 600 सीसीची चार सिलिंडरची गाडी होती. चालवून पाहिली तेव्हा कळलं की तिची खरी ताकद 10,000 आरपीएमच्या (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) वर आहे, आणि रोजच्या रस्त्यावर मी तिथे क्वचितच पोहोचणार. त्यात विम्याचा हप्ता आणि रुंद टायर. शेवटी दोन सिलिंडरची निन्जा 300 घेतली. त्याच पैशांत ती वयाने लहान मिळाली, मालक एकच आणि सर्व्हिसच्या पावत्या सगळ्या जपलेल्या. वळणात ती मला जो आनंद देते, त्यात कशाचीही उणीव वाटत नाही. मोठ्या इंजिनचाच आग्रह असेल तर सुझुकीची एसव्ही650 नक्की पाहा. 1999पासूनची व्ही-ट्विन (इंग्रजी V आकारात दोन सिलिंडर) आहे, खालच्या आरपीएमलाही छान ओढते, आणि फेअरिंग नसलेली घेतलीत तर पडल्यावर मोडायला प्लास्टिकही कमी.

दुसरा_गिअर
माझ्या आयडीवरून कळलंच असेल :) पहिल्या-दुसऱ्यात जोरजबरदस्ती झालेल्या गाड्यांमध्ये दुसरा गिअर सुटतो. साधं फिरवून कळत नाही. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्यात टाकून थ्रॉटल झटक्यात पूर्ण उघडायचं. गिअर उडून न्यूट्रल झाला की समजायचं. यासाठी बहुतेक गाड्यांचं अख्खं इंजिन उतरवून खोलावं लागतं आणि तो खर्च स्वस्तात मिळालेल्या गाडीच्या किमतीला भिडतो.

मंदगती
टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी जुना टायर कडक होतो, पकड देत नाही. टायरची जोडी हा मोठा खर्च आहे, भाव त्यावरच उतरवा.

किलोमीटर_कमी
माझा अनुभव थोडा वेगळा. मी कमी चाललेलीच गाडी शोधत होतो आणि मिळालीही, पण ती काही वर्षं नुसती उभी होती. टाकीत आतून गंज, कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल जाण्याची बारीक भोकं) चोंदलेले, ब्रेक कॅलिपर जाम. आता मी मीटरपेक्षा सर्व्हिसच्या वहीतल्या नोंदी आधी बघतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदललंय का, कूलंट कधी बदललं, व्हॉल्व्ह क्लिअरन्स (इंजिनच्या व्हॉल्व्हची ठरलेली फट) तपासलाय का. नियमित चाललेली, नोंदी असलेली गाडी केव्हाही बरी.

पानापकड
@किलोमीटर_कमी, शंभर टक्के सहमत. एक राहिलं: व्होल्ट मोजायला मल्टिमीटर सोबत न्या. इंजिन बंद असताना चांगली चार्ज झालेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास असते. इंजिन 4-5 हजार आरपीएमवर ठेवल्यावर साधारण 13.5 ते 14.5 हवेत. खाली राहिले तर चार्जिंग होत नाही, 15च्या वर गेले तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला.

वळणवेडी
ट्रॅकवर चालवलेली गाडी घ्यावी का? मी पाहिलेल्या एकीच्या ऑइल ड्रेन बोल्टला बारीक आरपार भोक होतं.

पानापकड
ते भोक सेफ्टी वायर (बोल्ट सुटू नये म्हणून लावायची तार) बांधण्यासाठी, म्हणजे ती ट्रॅकवर गेलेली आहे. मी सरसकट नाही म्हणणार नाही. ट्रॅकवाले ऑइल वेळेवर बदलतात, ब्रेकची निगा राखतात. पण मालकाने ते आपणहून सांगितलं का, ते बघा. लपवलं असेल तर स्टॉपर आणि चेसिस पुन्हा एकदा टॉर्च मारून तपासा, आणि हेडस्टॉकवरचा (चेसिसच्या हँडल बसतं त्या भागावरचा) चेसिस नंबर कागदावरच्या नंबरशी एकेक अक्षर जुळवून पाहा.