मदत हवी आहे : उरण लाइनवर परतीचं तिकीट कसं काढायचं?

ऐरोली_सेक्टर_आठ
तातडीने हवंय. शनिवारी परत तिकडूनच यायचंय. नेरुळ/बेलापूर-उरण लोकल लाइनवरच्या एका छोट्या स्टेशनवर संध्याकाळी तिकीट मिळेना. खिडकी बंद, मशीन बंद, माणूस एकही नाही. अॅप तिकीट देत नाही. गाडी समोर उभी. सोबत आई. अशा वेळी करायचं काय? 'आधीच निघायला हवं होतं' वगैरे नको, कृपया.

पासधारक_नेरुळ
कुठलं स्टेशन? कुठलं अॅप? 'देत नाही' म्हणजे पैसे कटतायत पण तिकीट येत नाही, की उघडतच नाही? एवढ्या माहितीवर कोण काय सांगणार!

ऐरोली_सेक्टर_आठ
स्टेशनचं नाव मुद्दाम देत नाही. उद्या कोणी तक्रार ठोकेल आणि तिथल्या एकट्या माणसाची नोकरी जाईल. अॅप उघडतं, स्टेशन निवडता येतं, शेवटी नाही म्हणतं. 'स्टेशनच्या आवारात आहात' असं काहीतरी येतं.

पासधारक_नेरुळ
मग प्लॅटफॉर्मवर उभे होता ना तुम्ही?

ऐरोली_सेक्टर_आठ
प्लॅटफॉर्मवरच असणार ना? गाडी काय रिक्षा स्टँडवर येते?

पासधारक_नेरुळ
अहो, तीच तर गोम आहे. मोबाइलवरचं पेपरलेस तिकीट आवारात काढता येत नाही, फोनचं जीपीएस बघून अॅप अडवतं. नाहीतर लोक फुकट बसतील आणि टीसी दिसला की गाडीतच तिकीट काढतील. बाहेर रस्त्यावर या, रुळांपासून लांब उभे राहा, जीपीएस बंद करून पुन्हा चालू करा, मग काढा.

खाडीपलीकडे
बाहेर येईपर्यंत गाडी जाते हो. आणि ही लाइन म्हणजे ठाणे-वाशी नाही, एक चुकली की पुढची कधी ते वेळापत्रकात बघत बसायचं. सोबत म्हातारं माणूस असेल तर जिना दोनदा कोण चढणार?

रोह्याची_गाडी
आमच्या रोहा लाइनला तर हॉल्टवर रेल्वेचा माणूसच नसतो. गावातलाच एजंट कमिशनवर तिकिटं विकतो. गाडीच्या वेळी खिडकी उघडतो, गाडी हलली की कुलूप लावून शेतावर. उशीर झाला तर त्याच्या घरी जाऊन तिकीट आणलेलं आहे मी. चहा पिऊन.

पासधारक_नेरुळ
रोहेकर, ती पॅसेंजर. इथे लोकलचं चाललंय.

कलम_वाचा
सगळे अॅपवर अडलेत. रेल्वे कायदा 1989 मध्ये याची सोय आहे. कलम 55 : तिकीट नसेल तर अधिकार असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी घेऊन बसता येतं. तो दाखला देतो आणि भाडं नंतर भरायचं. कलम 138 नुसार असा दाखला असेल तर जादा आकार लागत नाही, नाहीतर भाड्यावर किमान 250 रुपये. तेव्हा गाडी आली की गार्डकडे जायचं. गार्डला 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात.

खाडीपलीकडे
वा! लोकल थांबते किती वेळ? आईला घेऊन शेवटच्या डब्यापर्यंत धावायचं आणि गार्डला म्हणायचं, साहेब, कलम 55 खाली दाखला द्या. तो झेंडा हलवेल की दाखला लिहील?

कलम_वाचा
व्यवहारात अवघड आहे, मान्य. पण निदान गार्डला सांगा आणि उतरल्यावर टीसीने पकडायच्या आधी स्वतः त्याच्याकडे जा. लपून बाहेर पडणारा आणि स्वतःहून सांगणारा यात माणूस फरक करतोच.

खाडीपलीकडे
करतोच असं नाही.

सीवूड्सची_सून
एवढी चर्चा कशाला? जाताना रिटर्न काढायचं. मी कायम तेच करते.

ऐरोली_सेक्टर_आठ
ताई, जाताना लोकलने गेलोच नाही. जाताना एसटीने अलिबाग. येताना रेवसहून लाँचने करंजा, तिथून रिक्षाने स्टेशन.

सीवूड्सची_सून
हे आत्ता सांगताय?

मोरा_बंदर
रेवस-करंजा! तिथे पूल होणार हे मुख्यमंत्री अंतुलेंच्या काळापासून ऐकतोय. बाकी उरणहून मुंबईला जायचं तर आमची मोऱ्याची लाँच घ्या, थेट भाऊचा धक्का. गाळामुळे ओहोटीला लाँच खोळंबते, तेवढं भरती-ओहोटी बघून निघा. पंचांग ठेवा जवळ.

पासधारक_नेरुळ
मोराकर, त्यांना ठाण्याच्या बाजूला यायचंय, भाऊच्या धक्क्याला नाही.

उलवे_नवीन
आता विमानतळ झाला, तरघर स्टेशनही आहे, उलव्यात घर घ्यायला हीच वेळ योग्य आहे का? वन बीएचके बघतोय.

कलम_वाचा
वेगळा धागा काढा.

जासईचा_पोर
लाइन आमच्या गावांच्या जमिनीवरून गेली. नेरुळ-बेलापूर ते खारकोपर 2018 मध्ये सुरू झालं, उरणपर्यंत गाडी यायला जानेवारी 2024 उजाडलं. तोवर एसटी आणि विक्रम रिक्षा. आणि तिकिटाला माणूस नाही म्हणून तुम्ही रडता?

ऐरोली_सेक्टर_आठ
भाऊ, मी रडत नाही, मला तिकीट काढायचंय. पैसे भरायला तयार असलेल्या माणसाने पळवाट का शोधायची?

पासधारक_नेरुळ
लाँचचं आधी सांगितलं असतंत तर दोन ओळींत संपलं असतं. करंज्याला उतरलात की रिक्षात बसायच्या आधी काढा. लांबूनही निघतं, स्टेशनपासून जास्तीत जास्त किती लांब असावं ही अट 2024 मध्ये काढली. तिकीट एकदा आलं की 'शो तिकीट' नेट नसतानाही दिसतं. स्क्रीनशॉट मात्र चालत नाही. आणि फोनची बॅटरी सांभाळा. फोन बंद पडला तर तुम्ही विनातिकीटच.

खाडीपलीकडे
अर्धवट सांगू नका. तासाभरात प्रवास सुरू करायची अटही आहे. लाँचमध्येच काढून ठेवलं, रिक्षा मिळायला उशीर झाला, तेवढ्यात एक गाडी गेली, तर तिकीट बाद. पेपरलेस रद्दही होत नाही. मी म्हणतो स्टेशनच्या अलीकडे, शेवटच्या वळणावर रिक्षा थांबवून काढावं.

पासधारक_नेरुळ
तिथे नेट गेलं तर? करंज्याला रिक्षात बसताना काढावं. तिथून स्टेशन काही तासाभराचं नाही.

खाडीपलीकडे
गाडीची वेळ बघून मग. एवढंच म्हणतोय.

सीवूड्सची_सून
आणखी एक कोणी सांगितलं नाही. उरणहून सुटणारी गाडी नेरुळची की बेलापूरची, ते गाडीच्या डोक्यावरच्या पाटीवर बघून बसा. बेलापूरची असेल तर ती सीवूड्सला येतच नाही, तरघरहून वेगळी वळते. मी एकदा फोनवर बोलता बोलता बेलापूरला पोचले होते. ऐरोलीला जायचं तर नेरुळची बरी, तिथून ठाणे गाडी मिळते. बेलापूरची आली तरी सोडू नका, तिथून ठाण्याची नाही मिळाली तर नेरुळपर्यंत मागे या.

ऐरोली_सेक्टर_आठ
हे कामाचं सांगितलंत. मग तिकीट उरण लाइन ते ऐरोली असं एकच काढायचं, की नेरुळपर्यंत वेगळं?

सीवूड्सची_सून
एकच. गाडी बदलली म्हणून तिकीट बदलत नाही. आईंचंही त्याच तिकिटात घ्या, प्रवासी दोन करून.

मोरा_बंदर
शनिवारी भरती किती वाजता आहे ते बघितलंत का पण?