टोमॅटोचं रोप ‘किंचाळतं’ म्हणायचं का?

रानवारा:
‘झाडं तोडताना किंचाळतात, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं’ हा फॉरवर्ड परत फिरतोय. मूळ काम तेल अवीव विद्यापीठातल्या लिलाख हदानी यांच्या गटाचं, २०२३ मध्ये ‘सेल’ नियतकालिकात आलेलं. पाणी तोडलेलं टोमॅटोचं रोप तासाला सरासरी ३५ वेळा टिकटिकतं, तंबाखूचं ११ वेळा. पाणी मिळालेलं रोप तासात एकदाही क्वचितच. आवाज ४० ते ८० किलोहर्ट्झचा, आपले कान २० वर थांबतात. खोडातल्या नळ्यांत पाण्याची धार ताणून तुटते, बुडबुडा होतो, टिक्! बहुधा एवढंच. यात वेदना कुठून आली?

कुंडीवाली:
आवाज कसा होतो यावरून त्याला अर्थ नाही, असं कसं ठरवता? भुकेल्या पोटाची गुडगुडही आपोआपच होते, पण आई ती ऐकून ताट वाढते.

रानवारा:
ताट आई वाढते. पोटाने हाक मारलेली नसते.

खमंग:
म्हणजे शाकाहारीही हिंसक! संपला वाद 😄

कुंडीवाली:
कोंबडीला मज्जासंस्था आहे, मेथीला नाही. हा वाद दुसरीकडे घाला.

ठिबकवाला:
आमच्याकडे टोमॅटोच आहे. पानं मान टाकतात तोवर उशीर झालेला असतो, फुलगळ सुरू होते. ऐकणारं यंत्र आधी सांगणार असेल तर त्याला किंचाळणं म्हणा नाहीतर भजन. पण ऐकून नेमकं काय कळतं?

रानवारा:
रोप तहानलेलं की कापलेलं, हे संगणकाने सुमारे ७० टक्के वेळा बरोबर ओळखलं. ते ध्वनिरोधक पेटीत. हरितगृहात तहानेपुरतं जमलं. तुमच्या रानात वारा, मोटार, रातकिडे. घाई नको.

कुंडीवाली:
यंत्र सोडा, पतंग ऐकतात! याच गटाच्या २०२५ च्या प्रयोगात चांगल्या रोपाजवळ स्पीकरवर तहानलेल्या रोपाचे आवाज लावले, तर माद्यांनी शांत रोपावर जास्त अंडी घातली. पिकांवर अळ्या सोडणारा हा पतंग. वाळक्या रोपावर पोरं जगणार कशी?

रानवारा:
अर्धंच सांगितलंत. रोप नसताना नुसता स्पीकर ठेवला, तर त्या आवाजाच्याच बाजूला जास्त अंडी घातली. बहिऱ्या केलेल्या माद्यांचा कल मात्र गेला. म्हणजे ऐकतात खऱ्या, पण एकाच टिकटिकीचा अर्थ एकदा ‘इथे झाड आहे’, एकदा ‘हे झाड नको’. अर्थ लावते ती मादी, तिच्या गरजेप्रमाणे.

कुंडीवाली:
मान्य, आणि म्हणूनच ‘नुसता बुडबुडा’ म्हणून हात झटकता येत नाहीत. ‘किंचाळी’ मी सोडते, तुम्ही ‘एवढंच’ सोडा.

रानवारा:
‘बहुधा’ लिहिलं होतं मी.

ठिबकवाला:
ते यंत्र केवढ्याला पडेल, ते कुणी सांगेल का?