जुने दगडी चर्च आठवडाभर खुले ठेवावे का?

प्रश्न (कोल्हापूर)
आमचे चर्च ब्रिटिश काळातील आहे. रविवारची उपासना आटोपली की ते आठवडाभर कुलूपबंद असते आणि छताच्या दुरुस्तीचा भार मात्र आमच्या छोट्या मंडळीवरच (चर्चच्या सभासदांवरच) पडतो. इतर दिवशी तेथे स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका आणि संध्याकाळी गायनाचे वर्ग चालवावेत, असा विचार पुढे आला आहे. पण जुनी सागवानी बाके काढावीत की नाहीत, यावर एकमत होत नाही. इंग्लंडमध्ये जुन्या चर्चचा असा इतर कामांसाठी वापर करण्याचे जे प्रयोग झाले, त्यांतून आपल्याला काय घेता येईल?

उत्तर १
उपासना थांबलेल्या आणि चालू असलेल्या चर्चमध्ये आधी फरक करावा. बोल्टनचे ऑल सोल्स चर्च पहिल्या प्रकारातले. 2014 मध्ये ते समाजकेंद्र म्हणून खुले झाले, तेव्हा नव्या खोल्या आत स्वतंत्रपणे उभारल्या गेल्या, म्हणजे मूळ वास्तूला धक्का लागला नाही. ब्रिस्टलच्या सेंट पॉल्समध्ये तर सर्कशीचे शिक्षण चालते! आपल्याला जवळचे उदाहरण लंडनमधील वेस्ट हॅम्पस्टेडच्या सेंट जेम्सचे वाटते, कारण तेथे उपासना चालू ठेवूनच 2014 मध्ये टपाल कार्यालय, कॅफे आणि मुलांना खेळायला जागा करण्यात आली. बाकांवरून वाद तेथेही होतात, आणि चर्च ऑफ इंग्लंडमध्ये असे बदल करण्यापूर्वी धर्मप्रांताची (बिशपच्या अखत्यारीतील विभागाची) रीतसर परवानगी घ्यावी लागते. माझ्या मते मागची काही बाके उचलून ठेवता येतील अशी करावीत. वेदीजवळच्या बाकांना हात लावू नये.

उत्तर २
बाकांआधी भिंतींकडे पाहावे. कोल्हापूरच्या पावसात चुन्याच्या दरजा (दगडांमधील सांधे) सिमेंटने भरल्या की आत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, ती दगडाच्या आडून आतल्या गिलाव्यावर येते आणि अभ्यासिकेतील पुस्तकांना बुरशी धरते. दुरुस्ती चुन्यातच करावी. स्वच्छतागृह मुख्य इमारतीला न जोडता आवारात बांधावे. गायनाबद्दल मला शंका आहे: उंच दगडी सभागृहात समूहगीत शोभते, पण द्रुत तानेचे स्वर एकमेकांत मिसळतात, त्यामुळे जाड पडदे व सतरंज्या लागतील.

उत्तर ३
पंचमंडळाने (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीने) कागदपत्रेही पाहावीत. मालमत्ता सार्वजनिक न्यासाची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 नुसार इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. म्हणून अभ्यासिका मंडळीनेच चालवावी, किंवा एखाद्या संस्थेला अल्प मुदतीच्या लेखी कराराने द्यावी, आणि त्या करारात रविवार, नाताळ, गुड फ्रायडे, लग्ने व अंत्यविधी यांसाठी वास्तू रिकामी मिळेल, हे स्पष्ट लिहून घ्यावे.