लेकीचं पोट फक्त टेस्टच्या आदल्या दिवशी दुखतं, आमची शिस्त जास्त होतेय का?

नाशिकची_आई:
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल. मुलगी आठवीत आहे, अभ्यासात बरी, टॉपर वगैरे नाही पण ऐंशी-पंच्याऐंशी असतात. जूनपासून फाउंडेशन क्लास लावला, म्हणजे जेईई-नीटची आतापासूनच तयारी, शाळा सुटली की तिकडेच, घरी यायला साडेआठ. दिवाळीनंतर असं सुरू झालंय की टेस्ट असली की आदल्या रात्रीपासून पोटात दुखतं, सकाळी मळमळ, आणि टेस्ट संपली की मजेत वडापाव खाते. बालरोगतज्ज्ञांना दाखवलं, रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं नॉर्मल, ते म्हणाले टेन्शनमुळे असेल. सासूबाई म्हणतात नाटकं आहेत, ह्यांचं म्हणणं तूच लाडावून ठेवलीयस. हे कडक आहेत, म्हणजे हात कधी उचलत नाहीत, पण मोबाईल कपाटात कुलूपबंद, पेपर आला की एकेका चुकीची चौकशी आणि मग ठरलेलं वाक्य की तुझ्या फीपायी अजून गाडी घेतली नाही. मग मी मागून हळूच अर्धा तास मोबाईल देते. परवा दप्तरात एक पेपर सापडला, त्यावर बाबांची सही तिनेच ठोकलेली. नेटवर वाचलं की कडक आईबापांची मुलं डिप्रेशनमध्ये जातात. मग शिस्त सोडूनच द्यायची का? आणि तेराव्या वर्षी सोडली तर पुढे काय?

कंदी_पेढा:
ताई आम्ही छडी खाऊन मोठे झालो, घरी सांगितलं तर घरी अजून दोन पडायच्या. कुणाला डिप्रेशन आलं नाही. आजकाल पोरांना जरा बोललं की कोमेजतात. सहीचं मात्र मनावर घ्या, तिथं ढिलाई नको.

शाळेतली_काउन्सेलर:
पेढेदादा, छडी खाऊन जे बरे राहिले तेच इथे येऊन लिहितात, बाकीच्यांना कोण विचारायला गेलंय 🙂 आणि शाळेत मारणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद आहे, मानसिक छळ पण त्यातच येतो.

ताई, आधी पोटाचं. दुखणं खरं असतं. माणूस घाबरला की आतड्यांची हालचाल बदलते आणि तिथल्या नसा एरवी जे जाणवत नाही ते पण दुखणं म्हणून कळवतात, त्यामुळे सोनोग्राफीत काही दिसलं नाही म्हणजे नाटक असं नसतं. फक्त दुखण्याने रात्री झोपेतून उठत असेल, वजन उतरत असेल, शौचातून रक्त किंवा सारखा ताप असेल तर परत डॉक्टरकडे न्या.

आता शिस्त. नेटवर जे पालकांचे प्रकार वाचता ना, ते मूळ मानसशास्त्रज्ञ डायना बाउमरिंड यांचं काम, १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात बर्कलीला. बालवाडीतली मुलं आणि त्यांचे आईबाप बघून त्यांनी तीन प्रकार मांडले, एक नुसता हुकूम सोडणारे, एक सगळं चालतं म्हणणारे, आणि एक नियम पक्के ठेवून माया आणि बोलणं पण मोकळं ठेवणारे. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांच्या मांडणीत चौथा आला, ज्यांचं पोरांकडे लक्षच नाही. गंमत म्हणजे तिसरा प्रकार चांगला म्हटलं की लोकांना वाटतं नियम ढिले करायचे. उलट त्या आईबापांच्या अपेक्षा भरपूर असतात, पण नियम का आहे ते सांगतात आणि मुलाचं ऐकून पण घेतात.

मला कामात जास्त उपयोगी पडतं ते ब्रायन बार्बर यांचं १९९६ चं काम. वागण्यावरचा ताबा वेगळा आणि मनावरचा वेगळा. दहाला झोपायचं, मोबाईल हॉलमध्ये, कुठे जातेस ते सांगून जा, हा वागण्यावरचा. तुझ्यामुळे आम्ही हे सोडलं, असे मार्क आणलेस तर बोलूच नकोस, हा मनावरचा. नैराश्याशी संबंध जास्त दिसतो तो या दुसऱ्याचा. पहिला अजिबात नसला तर मुलं बाहेर उद्योग करायला लागतात. तर मी म्हणेन कपाटाचं कुलूप राहू दे हवं तर, गाडीचं वाक्य बंद करा. आणि बाबांनी नाही म्हटलेलं आईने लपून द्यायचं हे पण नको, अर्धा तास द्यायचाच तर दोघांनी मिळून उघड ठरवा. अर्थात या अभ्यासांवरून अमुक केलं की तमुक होणारच असं कुणी सांगू शकत नाही, मुळात काळजीखोर मूल असलं की आईबाप पण जास्त मागे लागतात, असंही होतं.

सहीसाठी रागवा, पण त्याआधी विचारा की पेपर घरी दाखवला असता तर काय झालं असतं असं वाटलं तुला. तिचं उत्तर मधे न तोडता ऐका.

बारावी_संपली_एकदाची:
काउन्सेलर ताईंना +१. मी लातूरला नीटच्या तयारीला होतो. बाबा फोनवर शिव्या घालायचे त्याचं काही वाटायचं नाही, पाच मिनिटांत तेच विचारायचे जेवलास का. पण मार्क कमी आले की आई फक्त हं हं करायची आणि दिवसेंदिवस नीट बोलायची नाही. आणि आम्ही पोटाला चिमटा काढून तुला पाठवलंय हे मावशी, काकू सगळ्यांसमोर. मेसमध्ये जास्तीची पोळी घेताना पण वाटायचं आपण कुणाचं तरी खातोय. पुढे पुढे टेस्टचे मार्क घरी खोटेच सांगायला लागलो. आता बी फार्म करतोय, मजेत आहे, आईशी सगळं बोलतो पण परीक्षेचं अजून नाही बोलत.

नाशिकची_आई:
सगळं ह्यांना वाचायला दिलं. लातूरवाल्या मुलाचं वाचून जरा गप्प होते, पण म्हणतात मी खोटं तर बोलत नाही, पैशाची जाणीव नको का मुलांना?

दोन_पोरींचा_बाप:
जाणीव हवीच की. आमच्याकडे लाईटबिल, फीची पावती सगळं पोरींसमोर असतं, किराण्याचा हिशोब थोरली लिहिते. पण तो महिन्याच्या सुरुवातीला, पेपर हातात असताना नाही. मार्क आणि पैसे एका वाक्यात आले की पोरीला वाटतं आपण म्हणजे बुडीत कर्ज.

मला खरा प्रश्न क्लासचाच वाटतो. आठवीला कसलं फाउंडेशन! केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगवाल्यांसाठी सूचना काढल्या त्यात १६ वर्षांखालच्या मुलांना घेऊ नका असं स्पष्ट लिहिलंय, पाळतंय कोण ते सोडा. या वयाला ८ ते १० तास झोप लागते. साडेआठला येऊन जेवण, होमवर्क, परत सकाळची शाळा, पोर झोपते कधी?

शाळेतली_काउन्सेलर:
झोपेचं बरोबर आहे. आणि ताई, दोन आठवडे होऊन गेले तरी झोप-भूक बिघडलेलीच आहे, मैत्रिणी नकोत, किंवा मी नसलेलीच बरी असं काही बोलली, तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञ गाठा. असं बोलली तर त्याच दिवशी. नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं, पालकांनी पण करायला हरकत नाही.

नाशिकची_आई:
झोपायला अकरा-साडेअकरा, उठते सहाला. काल तिला विचारलं क्लास बंद केला तर, तर म्हणे आणि फीचं काय! हे तिथेच बसलेले. शनिवारी दोघं क्लासला जाऊन येतो. पावतीवर फी परत मिळणार नाही असं ठळक छापलंय, त्यावरून घरात वेगळं महाभारत होणार.

दोन_पोरींचा_बाप:
मागा बिनधास्त. त्याच सूचनांमध्ये आहे की पूर्ण फी भरून मधेच सोडलं तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करायची. कायदा नाहीये तो, त्यामुळे कुरकुर करतील, पण प्रिंट काढून न्या आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्या.