घरच्या संगणकाची हार्ड डिस्क मंदावल्यावर: नागपूरकरांचे अनुभव

नमस्कार. आमच्या नात्यागोत्यातले आणि धरमपेठेतल्या शेजाऱ्यांचे बिघडलेले संगणक बहुधा माझ्याकडे येतात, आणि त्यांत सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे संगणक सुरू होऊन कामाला लागेपर्यंत लागणारा वेळ. सीताबर्डीच्या बाजारात नेला की "डिस्क बदला" हे उत्तर लगेच मिळते. पुष्कळदा ते बरोबरही असते. परंतु ते तपासाअंती आलेले आहे की तपासाऐवजी, हे आपल्याला कळायला हवे असे मला मनापासून वाटते, कारण त्या डिस्कवर आपले हिशेब, कागदपत्रे आणि घरातल्या माणसांची छायाचित्रे असतात.

एक गोष्ट आधी नोंदवतो. हार्ड डिस्कमध्ये माहिती फिरत्या तबकडीवर असते आणि हेड नावाचा सरकता भाग ती वाचतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पूर्ण करण्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते आणि त्यात हेड सरकण्याचा वेळ मिळवला, तर विखुरलेल्या जागांवरील वाचने सेकंदाला साधारण १०० च्या आसपासच होतात. त्यामुळे एकच मोठी फाइल सेकंदाला १५० मेगाबाइट वेगाने वाचणारी निरोगी डिस्कसुद्धा, शेकडो लहान फाइली एकदम मागितल्या की रखडते. लॅपटॉपमधल्या ५४०० फेऱ्यांच्या डिस्कची स्थिती याहून अवघड असते. म्हणून या चर्चेच्या धाग्यात आपापला अनुभव लिहिताना लक्षण, केलेली तपासणी आणि सापडलेले कारण, ही तिन्ही कृपया लिहावीत.

महाल, निवृत्त बँक कर्मचारी

ब्राउझरमध्ये चार-पाच पाने उघडली की माझा संगणक जागच्या जागी थबकत असे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के व्यग्र दिसे, पण प्रत्यक्ष वेग सेकंदाला जेमतेम दोन-तीन मेगाबाइट असे. दुकानदाराने डिस्क जाण्याच्या बेतात आहे असे सांगितले. मी पैसे देण्यापूर्वी रिसोर्स मॉनिटरमधील डिस्कचे पान उघडले. तेथे कोणता प्रोग्राम कोणत्या फाइलवर किती वाचन-लेखन करतो आणि प्रतिसादाला किती मिलिसेकंद लागतात हे ओळीने दिसते. यादीत सर्वांत वर पेजफाइल होती. संगणकात रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) होती ४ जीबी, आणि तीत न मावणारा मजकूर विंडोज सतत डिस्कवरच्या त्या फाइलमध्ये नेत-आणत होते. त्याच प्रकारची ४ जीबीची आणखी एक पट्टी बसवली आणि थबकणे थांबले. डिस्क जुनीच आहे. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू ठेवल्यानेही असाच भार पडतो, हे आमच्या मेहुण्यांच्या संगणकावर पाहिले आहे.

त्रिमूर्तीनगर, लेखापाल

आमच्याकडे लक्षण वेगळे होते. फाइल उतरवताना वेग चांगला असे आणि मध्येच काही सेकंद शून्यावर येऊन पुन्हा सुरू होई. डिस्कच्या प्रकृतीचे आकडे दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये पाहिले तर खराब सेक्टरांचे (तबकडीवरील माहितीच्या लहान कप्प्यांचे) आकडे शून्य होते, मात्र सी७ या ओळीतील सीआरसी त्रुटींचा आकडा प्रत्येक मोठ्या कॉपीनंतर वाढत होता. हा आकडा तबकडीविषयी बोलत नाही. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधील वाटेत माहिती विस्कटली, एवढेच तो सांगतो. साटा केबल, म्हणजे या दोहोंना जोडणारी तार, बदलली, दुसऱ्या पोर्टमध्ये लावली, आणि वाढ थांबली. जुना आकडा मात्र पुसला जात नाही, त्यामुळे तो पाहून घाबरू नये. तो पुढे वाढतो का, तेवढेच पाहावे. हा संगणक डेझर्ट कूलरच्या थेट झोतात ठेवलेला होता आणि केबलच्या टोकांवर धूळ घट्ट बसली होती. कारण तेच असेल असे मी ठामपणे म्हणणार नाही, पण संगणक आता त्या झोतातून हलवला आहे.

नंदनवन, गृहिणी

माझ्या डिस्कवर मुलींच्या लहानपणापासूनची छायाचित्रे होती, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते. एखादा फोल्डर उघडला की संगणक पूर्ण गोठे, डिस्कचा दिवा अखंड पेटलेला राही आणि मग अचानक सारे सुरळीत होई. क्रिस्टलडिस्कइन्फोने पिवळा, म्हणजे सावधानतेचा, रंग दाखवला. सी५ या ओळीत, म्हणजे वाचता न आल्याने निर्णय प्रलंबित असलेल्या सेक्टरांच्या ओळीत, १० असे लिहिलेले होते. हे आकडे मुळात सोळा-आधारी पद्धतीने दाखवले जातात, तेव्हा त्या १० चा अर्थ १६ होतो, हे माझ्या भाच्याने लक्षात आणून दिले. असा सेक्टर समोर आला की डिस्क तोच तो भाग पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते आणि तेवढा वेळ संगणक तिच्यासाठी थांबून राहतो. मंदपणाचे कारण ते होते.

शेजारच्या काकांनी चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क-तपासणीचा आदेश "आर" पर्यायासह चालवण्यास सुचवले. मी ते केले नाही, आणि इतरांनीही अशा अवस्थेत करू नये असे मी आग्रहाने सांगेन, कारण तो आदेश संपूर्ण डिस्क वाचायला लावतो आणि त्याच डिस्कवर दुरुस्त्याही लिहितो. मरणासन्न डिस्कवर हे दोन्ही भार नकोत. आधी प्रत, मग बाकी सारे. भाच्याने पेनड्राइव्हवरून लिनक्स ही विंडोजहून वेगळी प्रणाली सुरू करून डीडीरेस्क्यू लावले. हा प्रोग्राम सहज वाचता येणारा भाग आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवतो, अडणारे भाग मागे ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे वळतो; कुठवर आलो याची नोंद तो मॅप फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे काम थांबवून पुढे चालू करता येते. दुसरी डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी आणि स्रोत कोणता व लक्ष्य कोणते, हे आदेश देण्यापूर्वी दोनदा वाचावे, कारण उलटे झाले तर सारे पुसले जाईल.

हे सारे मे महिन्यात चालले होते. आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा खोलीच इतकी तापलेली असते की बंद कॅबिनेटमधील डिस्क ५० अंशांवर सहज जाते. म्हणून आम्ही कॅबिनेटचे झाकण काढून समोर टेबलपंखा ठेवला, दुपारी काम बंद ठेवले आणि रात्री पुढे नेले. वीज गेली तर अर्धवट राहू नये म्हणून यूपीएसही लावले होते. काही छायाचित्रे अर्धी करडी आली, पण बाकीची सारी हाती लागली.

मनीषनगर, विद्यार्थी

बाहेरून जोडण्याची डिस्क सेकंदाला ३५ मेगाबाइटच्या वर जात नव्हती. कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट यूएसबी २.० चे होते आणि त्यांची कमाल मर्यादाच सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे कागदोपत्री ६० मेगाबाइट, आहे; प्रत्यक्षात त्याहून कमी मिळते. मागच्या निळ्या (यूएसबी ३.०) पोर्टमध्ये लावताच वेग तिपटीने वाढला.

सदर, छायाचित्रकार

नवी, मोठ्या क्षमतेची डिस्क आणली. सुरुवातीचे काही जीबी वेगाने लिहिले जात आणि मग वेग कोसळत असे. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी नोंदवते ते, सर्व आकडे निर्दोष होते. डिस्क एसएमआर पद्धतीची निघाली. या पद्धतीत लेखनपट्टे छपरावरच्या कवेलूंसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे मधला एक पट्टा बदलायचा तर त्याच्या पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. डिस्क नवे लेखन आधी एका राखीव भागात घेते आणि सवडीने जागेवर बसवते. तो भाग भरला की सवड उरत नाही. हा बिघाड नव्हे, आणि डीफ्रॅगमेंट (फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणे) केल्याने तो सुटत नाही, उलट पुनर्लेखन वाढते. आता ती डिस्क मी केवळ संग्रहासाठी ठेवली आहे, कारण एकदा लिहून पुढे वाचतच राहायचे असेल तर ती उत्तम चालते. खरेदीपूर्वी कंपनीच्या माहितीपत्रकात सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवलेली) की एसएमआर हे पाहून घ्यावे.

धागाकर्ता

नंदनवनच्या ताईंनी लिहिलेला क्रम मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला दाखवणार आहे. ज्यांच्या डिस्कमध्ये दोष नाही, केबल ठीक आहे आणि रॅमही पुरेशी आहे, त्यांनी विंडोज एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या, चिपमध्ये माहिती ठेवणाऱ्या डिस्कवर) आणि संग्रह जुन्या डिस्कवर ठेवावा. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५०० मेगाबाइट वाचते. मात्र रोजच्या कामात फरक जाणवतो तो तिला तबकडी फिरण्याची वाट पाहावी लागत नाही म्हणून. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा सर्वसाधारण आधार (सुधारणा व मदत) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा एसएसडी बसवतानाच पुढची प्रणाली कोणती हेही ठरवावे. यानंतर लिहिणाऱ्यांनी शक्य असल्यास मे महिन्यात दुपारी आणि जानेवारीत सकाळी आपल्या डिस्कचे तापमान किती होते, तेही द्यावे.